रकाना सात

'या वर्षात स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी
आपण काय केले? (पन्नास शब्दांत लिहा.)'

पन्नास शब्द तर हिंगण्याच्या पहिल्या सिग्नललाच संपतात, साहेब.
तरी लिहिते.

मे महिन्यात वर्धा रोडच्या हॉटेलात दोन दिवस बसले.
बाहेर शेचाळीस, आत सोळा.
नेतृत्व शिकताना ओढणी कानांवरून घट्ट बांधली होती मी,
रस्त्यावर बांधते तशीच, फक्त उलट्या कारणासाठी.
शिकवणारी माझ्या भाचीच्या वयाची.
तिने पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या:
तुमच्यावाचून ज्याचं अडत नाही
असं टीममधलं एक नाव लिहा.
सगळ्यांची पेनं चालली.
मी कोरी चिठ्ठी पर्सच्या आतल्या कप्प्यात चिकटवून आणली.
प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.

रात्रीचा कोर्सही लावला होता, कोडिंगचा.
चौदापैकी अकरा धडे झाले.
बाराव्यात घरच्या कूलरचा पंप गेला.
पंप मला दुरुस्त करता येतो,
म्हणून मी तोच केला.

आता खरं लिहिते.

अठ्ठ्याण्णव साली डिप्लोमा घेऊन आले तेव्हा
डोमाजी फिटरने हातात पेचकस दिला.
टोक बेअरिंगवर, मूठ कानामागच्या हाडावर.
'आयक पोरी. मशीन खोटं नाही बोलत, माणूस बोलते.'
तेव्हापासून या शेडमधला कुठला गिअरबॉक्स
कुठल्या सुरात कण्हतो, मला पाठ.
याच कानावर इंजिनियर झाले, सिनियर झाले,
केबिन मिळाली.

यंदा प्रज्ज्वल ढोमणेने चार नंबरवर सेन्सर बसवला,
काडेपेटीएवढा, चुंबकाने चिकटणारा.
जुलैत म्हणाला, मॅडम, नऊ दिवस. फार तर दहा.
मी पेचकस लावला.
सूर स्वच्छ होता, पहाटेच्या अंबाझरीसारखा.
'चालू ठेवा,' म्हणाले, सगळ्यांसमोर.
आठव्या रात्री फोन आला.

बेअरिंग उघडलं तर आतल्या कड्याचा
नखाएवढा टवका उडालेला.
तो तळहातावर घेऊन कितीतरी वेळ उभी होते.
प्रज्ज्वल काही बोलला नाही.
हे न बोलणं त्याला कुठल्या हॉटेलात शिकवलं होतं?

सकाळी पाळी बदलताना, दोन्ही पाळ्या हजर असताना,
म्हणाले, 'ढोमणे बरोबर होता. मी चुकले.'
पाच शब्द. सत्तावीस वर्षं लागली.
मागून कोणीतरी विचारलं,
'काऊन जी मॅडम, तब्येत बरी नाही का?'

मग त्यालाच म्हटलं, शिकव.
चहाच्या सुट्टीत तो पॅनेलच्या झाकणावरच्या धुळीत
बोटाने लाटा काढायचा:
ही धडधाकट, ही थकलेली, ही सोंग घेतलेली.
मला अर्ध्याच कळल्या.
ऑक्टोबरात तो हैदराबादला गेला. दीडपट पगार.
सोडण्याच्या पत्रावर सही माझीच.
'थांब' ओठांपर्यंत आलं होतं.
विचारलं, तिकडे खोली पाहिली का रे?

नवीन मुलगी काटोलची आहे, भाग्यश्री निखाडे.
दर दहा मिनिटांनी येते: मॅडम, बरोबर आहे ना?
मी दोन्ही हात कोटाच्या खिशात घालते.
म्हणते, तू सांग.
हे मला फार जड जातं, याची नोंद व्हावी.

ते झाकण पुसू नका, असं सफाईवाल्यांना सांगितलंय.
लाटांवर नवी धूळ बसली,
तरी चारच्या तिरप्या उन्हात दिसतात.

चिठ्ठीचा गोंद वाळला. अजून कोरीच आहे.
ज्याचं नाव लिहिलं असतं तो गेला,
आणि भाग्यश्रीचं लिहायला
माझाच हात धजत नाही.

शब्द जास्त झाले, मला माहीत आहे.
खोडायचेच असतील
तर वरून खोडा.

सु. लिखार,
देखभाल विभाग